शेऱ्याचा रकाना

गेल्या आषाढातल्या एका संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या वहिनींचा धाकटा मुलगा दारात उभा राहिला आणि चपला काढायच्या आधीच त्याने विचारले, "काकू, तुम्ही मुलांच्या परीक्षा घ्यायच्या ना? मग सगळ्यांना प्रश्न तेच असतात का?" नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत माझी ओळख परीक्षा घेणाऱ्या काकू अशीच आहे आणि तीस वर्षे मी बुद्धिमापन चाचण्या घेतल्या हे उलगडून सांगत बसण्यापेक्षा मलाही ती सोयीची वाटते. त्याचा प्रश्न मात्र माझ्या परीक्षांविषयी नव्हता. तो तुर्भ्याच्या एका गोदामात पाळीने काम करतो. तिथून मोबाइल फोनची तीन खोकी नाहीशी झाली होती आणि त्या रात्रीच्या पाळीतल्या अकराही जणांना मालकांनी लाय डिटेक्टरच्या, म्हणजे पॉलिग्राफच्या, चाचणीला बसायला सांगितले होते. संमतीपत्रावर सही करून तो मोकळाही झाला होता. "नाही म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मीच चोर ठरलो असतो," असे तो म्हणाला, आणि यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते. त्याच्या मूळ प्रश्नाला मात्र मी मोठ्या अधिकाराने उत्तर दिले. चाचणी चांगली असेल तर प्रश्न सगळ्यांना तेच असतात, असे मी त्याला सांगितले.

माझ्या कामात ते खरेच होते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी जे रूपांतर केले, त्यावर माझा हात बसलेला होता. त्या कामाची पहिली शिकवण अशी की सूचना पुस्तिकेत जशी छापली आहे तशीच उच्चारायची, तिच्यात 'बाळा' हा शब्दसुद्धा आपल्या पदरचा घालायचा नाही. मुलाला अंक म्हणून दाखवायचे तर सेकंदाला एक या गतीने, सगळे एका सुरात, आणि शेवटच्या अंकावर आवाज खाली न आणता म्हणायचे, कारण आवाज उतरला की मालिका संपल्याचे मुलाला कळते आणि तेवढीही मदत दुसऱ्या कुणाला मिळालेली नसते. उत्तर बरोबर आले तरी मान डोलवायची नाही. नवीन असताना मी घरी आरशासमोर बसून चेहरा कोरा ठेवण्याचा सराव करत असे आणि सासूबाईंना ते फार विचित्र वाटे. या सगळ्या काटेकोरपणामागचे कारण साधे आहे. हजारो मुलांना एकाच रीतीने विचारून जी प्रमाणके तयार झाली, त्यांच्याशी समोरच्या मुलाची तुलना करायची असेल, तर त्यालाही त्याच रीतीने विचारले पाहिजे. नाहीतर हाती येणारा अंक म्हणजे त्या मुलाचा आणि माझा मिळून झालेला अंक असतो.

या शिस्तीने अन्याय होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मुरबाडच्या बाजूची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मला अजून आठवते. पाऊस पडत असताना बाहेर जायचे असेल तर काय करशील, अशा धर्तीचा प्रश्न होता आणि छत्री, रेनकोट किंवा थांबणे यांपैकी काहीतरी अपेक्षित होते. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू अडाणी मीच आहे, आणि म्हणाली, "भिजायचं. लावणीला काय छत्री धरतात?" पुस्तिकेप्रमाणे त्याचे शून्य गुण, आणि शून्यच मी दिले. पण आमच्या नोंदवहीत गुणांच्या रकान्याशेजारी शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात मी तिचे उत्तर शब्दशः उतरवले आणि खाली लिहिले की मुलीच्या घरी भातशेती आहे, उत्तर तिच्या जगात अचूक आहे. पुढे अहवाल वाचणाऱ्याला अंकही दिसे आणि माझे मतही दिसे, आणि कुठे एक संपून दुसरे सुरू झाले हेही दिसे.

आठवड्याभराने वाशीला चाचणी देऊन तो परत आला. ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून उतरून थेट आमच्याकडेच आला होता. मी चहा ठेवला आणि त्याने सगळे क्रमाने सांगितले. खोली लहान, खिडकी बंद, खुर्चीला रुंद हात. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा घड्यांच्या दोन नळ्या श्वास टिपण्यासाठी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, दोन बोटांना घाम मोजणाऱ्या पट्ट्या आणि बुडाखाली हालचाल ओळखणारी एक गादी. ही सामग्री मला वाचून ठाऊक होती. मला नवल वाटले ते वेळेच्या हिशेबाचे. तो तिथे दोन तासांहून अधिक होता, पण यंत्र चालू होते ते पाच-सहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांपुरतेच. उरलेला वेळ परीक्षक त्याच्याशी बोलत होता. घर, शाळा, कर्ज, वडिलांचे आजारपण, मग खोकी, मग प्रश्न. प्रश्न आधी सांगतात, एकेक वाचून दाखवतात आणि त्याचा अर्थ समोरच्याला काय लागतो ते विचारून शब्द ठरवतात. सुरुवातीला त्याला कागदावर तीन ते आठमधला एक आकडा लिहायला लावला. त्याने पाच लिहिला. मग प्रत्येक आकड्याला 'नाही' म्हणायला सांगितले आणि शेवटी पडदा त्याच्याकडे वळवून दाखवले की पाचवर खोटे बोलताना रेघ कशी उसळली. म्हणजे यंत्र आपल्याला ओळखते हे त्याच्या मनावर ठसवून मगच पुढचे काम सुरू झाले. आमच्या चाचण्यांत मूल घाबरले असेल तर चाचणी पुढे ढकलतात, आणि इथे योग्य तेवढी धास्ती बसवणे हा चाचणीचाच भाग होता.

खरी अडचण पुढे झाली. परीक्षकाने त्याला विचारले, "या नोकरीच्या आधी तू कधी, न विचारता, दुसऱ्याची वस्तू घेतली आहेस का?" या प्रश्नाला काय म्हणायचे असते याचा एक अलिखित संकेत आहे, आणि तो त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हता. तो म्हणाला, "हो, घेतली आहे." आईच्या डब्यातले पैसे, कॉलेजात मित्राचा कॅल्क्युलेटर. परीक्षकाने प्रश्न बदलला, 'या गोष्टी सोडून' असे पुढे जोडले. त्याने पुन्हा आठवून शेजारच्या वाडीतले आंबे सांगितले. प्रश्न परत बदलला. चौथ्या वेळी कुठे त्याच्या तोंडून 'नाही' आले.

हा खेळ का मांडतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते. जॉन लार्सन हा शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला पोलीस शिपाई. त्याने १९२१ साली कॅलिफोर्नियात बर्कली इथे आपले यंत्र पहिल्यांदा खऱ्या प्रकरणात वापरले, तेव्हा प्रकरण गोदामाच्या प्रकरणासारखेच होते. मुलींच्या वसतिगृहात चोऱ्या होत होत्या. लार्सनने तिथल्या मुलींना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. (त्यातल्याच एका मुलीशी त्याने पुढे लग्न केले. चाचणी घेणाऱ्याचा चेहरा कोरा राहिला नसावा असे मानायला जागा आहे.) सगळ्यांना एक माप, म्हणजे माझ्या मनासारखी ही रीत. पण तिच्यात मोठी खोट होती. 'आज कोणता वार आहे' अशा निरुपद्रवी प्रश्नाशेजारी 'तू पैसे चोरलेस का' हा प्रश्न ठेवला, तर दुसऱ्या प्रश्नाला निर्दोष माणसाचेही काळीज धडधडते. चोराची धडधड आणि संशय आलेल्या साध्या माणसाची धडधड, रेघेवर दोन्ही सारख्याच. म्हणून १९४७ साली जॉन रीड या पॉलिग्राफ परीक्षकाने तुलनेचा प्रश्न मांडला. गुन्ह्याशी संबंध नसलेला, पण कुणालाही छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणता येणार नाही असा एक व्यापक प्रश्न घ्यायचा. निर्दोष माणसाला त्या प्रश्नाची टोचणी अधिक लागेल, दोषी माणसाला गुन्ह्याच्या प्रश्नाची लागेल, आणि दोन रेघांची तुलना करून निर्णय करता येईल.

कल्पना चतुर आहे, आणि ती निर्दोष माणसाच्या बाजूने केलेली आहे हे मी मुद्दाम नोंदवते. पण तिच्यामुळे चाचणीचा सगळा भार एका अशा प्रश्नावर येतो की जो छापून ठेवता येत नाही. तो प्रश्न गोदामातल्या मुलाला वेगळा लागतो आणि बँकेतल्या बाईंना वेगळा. तो फार हलका झाला तर निर्दोष माणूस अडकतो, फार जड झाला तर दोषी सुटतो, आणि तो हलका की जड हे ठरते परीक्षकाच्या बोलण्यावर, आवाजावर, तासाभराच्या गप्पांमध्ये माणसाला त्याने कितपत ओळखले यावर. शिवाय ज्याला आपली प्रत्येक बारीकसारीक चूक सांगून टाकायची सवय आहे, त्याच्या मनातली टोचणी बोलताबोलता निघून जाते आणि तुलनेचा प्रश्न बोथट होतो. आमच्या वहिनींच्या मुलाने आंब्यांपर्यंत सगळे सांगून टाकून स्वतःच्या बचावाचे साधनच निकामी केले होते. प्रामाणिकपणा नडतो म्हणतात, तो इथे अगदी तांत्रिक अर्थाने नडतो.

या व्यवसायातल्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. रीडच्या परंपरेत रेघांबरोबर माणसाचे वागणे, बसणे, नजर, प्रकरणाची हकीकत असे सगळे मिळून मत बनवत. क्लीव्ह बॅक्स्टर या दुसऱ्या परीक्षकाने १९६०च्या सुमारास आग्रह धरला की निर्णय फक्त रेघांवरून आणि अंकांनी व्हावा. गुन्ह्याचा प्रत्येक प्रश्न शेजारच्या तुलनेच्या प्रश्नाशी ताडून उणे तीन ते अधिक तीन यांमधला अंक द्यायचा. एका घटनेपुरत्या चाचणीत बेरीज अधिक सहा किंवा वर गेली तर खरे, उणे सहा किंवा खाली गेली तर खोटे, मधले सगळे अनिर्णीत, असा दंडक पुढे रूढ झाला. युटा विद्यापीठात डेव्हिड रॅस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन तुलनेचा प्रश्नच सरळ करून टाकला. माणसाला उघड सांगायचे की या प्रश्नाला मुद्दाम खोटे उत्तर दे, म्हणजे सर्वांचे खोटे एकाच साच्याचे होईल आणि कुणाला फसवून, कोपऱ्यात घेऊन 'नाही' वदवून घ्यावे लागणार नाही. मला हा मार्ग इतरांपेक्षा सभ्य वाटतो. त्यावर आक्षेप असा की सांगून बोललेल्या खोट्याला टोचणी कसली, आणि कोणता प्रश्न कशासाठी आहे हे कळलेला हुशार गुन्हेगार तिथे गुपचूप जीभ चावून रेघ उंचावू शकतो. साचा जितका पक्का, तितका तो बाहेरच्यालाही पाठ होतो. माझ्या चाचण्यांच्या पुस्तिका आम्ही कुलुपात ठेवत असू, त्याचे कारण हेच.

हे वाचताना मला आपल्याकडची दिव्ये, म्हणजे खरे-खोटे ठरवण्याच्या जुन्या परीक्षा, आठवत राहिली. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये दिली आहेत, आणि लगेच हेही सांगितले आहे की स्त्रिया, मुले, वृद्ध, आंधळे, पांगळे, ब्राह्मण आणि रोगी यांना तुलेचे, म्हणजे तराजूत तोलण्याचे, दिव्य द्यावे. माणूस पाहून परीक्षा बदलायची, आणि ती बदलण्यात दयाही होती व जातही होती. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत रवादिव्य होत असे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा. त्याआधी हात धुवायचे, नखे काढायची, हातावरच्या जुन्या खुणा लिहून घ्यायच्या, नंतर हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि ठरलेल्या दिवशी गोतासमोर, म्हणजे निवाड्याला जमलेल्या सभेसमोर, ती मोहोर फोडायची. नखे काढण्यापासून मोहोरेपर्यंत इतकी काटेकोर शिस्त की कुठल्याही प्रयोगशाळेने हेवा करावा. फक्त त्या हातावर फोड आला आहे की नाही, आणि आलेला फोड नवा की जुना, हे शेवटी गोत पाहून ठरवत असे. शिस्त सगळी पिशवीच्या बाहेर होती.

पॉलिग्राफच्या बाबतीत माझे म्हणणे एवढेच आहे. प्रमाणित चाचणी आणि लवचिक मुलाखत या दोन्ही गोष्टी मी आयुष्यभर केल्या आणि दोन्हींचा मला आदर आहे. पण आमच्याकडे त्या दोन वेगळ्या रकान्यांत असत. इथे लवचिकपणा शेऱ्याच्या रकान्यात नसून अंकाच्या पोटात असतो. उणे तीन ते अधिक तीन ही मोजपट्टी कितीही नेमकी असली, तरी ती ज्या दोन रेघांमधले अंतर मोजते त्यांतली एक रेघ परीक्षकाने आपल्या बोलण्याने घडवलेली असते. बेरीज वाचणाऱ्या मालकाला ते दिसत नाही. त्याला दिसते अधिक किंवा उणे चिन्ह आणि त्यापुढचा आकडा, आणि आकड्यापुढे आपली माणसे फार लवकर हात जोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली या सगळ्या संशोधनाची झडती घेतली. विशिष्ट घटनेविषयीच्या चाचण्या निव्वळ नाणेफेकीपेक्षा बऱ्याच सरस ठरतात पण बिनचूकपणापासून बऱ्याच दूर राहतात, आणि तेही रेघा मुद्दाम बिघडवण्याच्या युक्त्या न शिकलेल्या माणसांच्या बाबतीत, असा तिचा निष्कर्ष होता.

खरोखर साच्यात बसणारी एक पद्धत आहे. डेव्हिड लिकन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली ती मांडली आणि जपानचे पोलीस ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिच्यात खोटे शोधतच नाहीत, माहिती शोधतात. चोरीला गेलेली वस्तू अंगठी होती, घड्याळ होते, साखळी होती, की नाणी होती, असे सारख्या वजनाचे पर्याय एकापाठोपाठ म्हणायचे. खरा पर्याय ज्याला ठाऊक आहे त्याचेच शरीर त्यावर पुन्हा पुन्हा दचकते. टोचणी नको, गप्पा नकोत, माणसागणिक प्रश्न बदलायला नको. मी उत्साहाने हे त्या मुलाला समजावू लागले तेव्हा त्याने मला मध्येच थांबवले. "काकू, तीन खोकी होती, कुठल्या रॅकवर होती, कुठल्या कंपनीचे फोन होते, हे दुसऱ्या दिवशी चहावाल्यालासुद्धा माहीत होतं." या पद्धतीला गुपित लागते, आणि आपल्याकडे चोरीची पहिली बातमी चहाबरोबर फिरते.

कायद्याचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले आहे की कोणाही व्यक्तीवर अशी चाचणी सक्तीने लादता येणार नाही, मग ती फौजदारी तपासात असो वा अन्य कारणाने. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली आरोपींच्या चाचणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती ती काटेकोरपणे पाळावीत असेही न्यायालयाने म्हटले. त्यांत दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली संमती, वकिलाची उपस्थिती आणि रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेकडून चाचणीची नोंद अशा अटी आहेत. अमेरिकेने १९८८ साली बहुतेक खासगी मालकांना अशा चाचण्या घेण्यास मनाई केली. चोरीच्या चालू चौकशीसाठी जी सवलत ठेवली, तिलाही अटी घातल्या. प्रश्न आधी लेखी दाखवले पाहिजेत, चाचणी नव्वद मिनिटांहून कमी वेळात उरकता कामा नये आणि एका परीक्षकाने दिवसात पाचांहून जास्त चाचण्या घेऊ नयेत. ज्याचे प्रमाणीकरण करणे शक्य आहे त्याचे कायद्याने केले आहे, आणि त्यात मला सगळ्यात मोलाची अट वाटते ती प्रश्न कागदावर येण्याची. वाशीतल्या त्या खोलीत कागद होता तो संमतीचा, प्रश्नांचा नव्हता.

निकाल पंधरा दिवसांनी आला. एक पान, वर नाव आणि कर्मचारी क्रमांक, मध्ये बेरीज अधिक दोन, खाली 'अनिर्णीत'. अकरांपैकी ज्यांचा निकाल असा आला त्यांना पुन्हा बोलावले जाणार होते. मी त्याला अर्जाचा मसुदा करून दिला. दुसऱ्या चाचणीआधी पहिल्या चाचणीत प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न आणि त्या वेळचे ध्वनिमुद्रण मिळावे, एवढीच मागणी होती. उत्तर तोंडी आले की प्रश्न गोपनीय असतात. मग एका रविवारी सकाळी आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि माझ्या जुन्या, कोऱ्या राहिलेल्या नोंदवहीत त्याला आठवतील तसे प्रश्न त्याला लिहायला सांगितले. गुन्ह्याचे तीन प्रश्न त्याने न अडखळता लिहिले. ते तीनही फेऱ्यांत तसेच्या तसे होते. मग तुलनेचा प्रश्न, त्याचे पहिले रूप, दुसरे रूप, तिसरे रूप, एकाखाली एक. चौथ्याशी त्याचे पेन थांबले. "या नोकरीच्या आधी, तू सांगितलेल्या गोष्टी सोडून, कुणाची वस्तू..." इथपर्यंत लिहून तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. तिथे 'घेतली' होते, 'उचलली' होते की 'चोरली' होते, हे काही केल्या त्याला आठवेना. 'चोरली' असते तर आपण आंबे सांगितलेच नसते, एवढे मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी वही माझ्याकडे ओढली, तिन्ही शब्द एकापुढे एक लिहिले, आणि शेजारच्या रकान्यात त्याचे ते वाक्य शब्दशः उतरवून घेतले.